चुका काढण्याचा उन्हाळा

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगामाचं गाळप संपलं, की आमच्या मुलखाचा आवाजच बदलतो. चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, आणि मग एका सकाळी काहीच नाही. तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी निघून जातात. त्यांच्या झोपड्यावजा कोप्या होत्या तिथं तीन दगडांच्या चुली आणि करपलेल्या मातीची वर्तुळं तेवढी मागं राहतात. डांबरावर सांडलेली उसाची कांडी चाकाखाली चिरडून, वाळून, चोथा होऊन कडेला उडत असतात. कुणी उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं असेल तर त्याची काळी राख वावटळीबरोबर बारामतीच्या गच्च्यांवरच्या पापड-कुरडयांवर येऊन बसते. लोक या दिवसांना वेगळं नाव देत नाहीत. उन्हाळा म्हणतात आणि मोकळे होतात. माझ्या मनात मात्र हे दिवस एका संगणकाच्या पडद्याशी कायमचे बांधले गेलेत.

मी बारामतीत एका शेती संशोधन संस्थेत काम करते. विषय माती आणि पाणी, पण हात मातीत कमी आणि कीबोर्डवर जास्त. यंदा पट्टा पडला त्याच आठवड्यात माझा जुना संगणक बाद झाला आणि नवा आला. नव्या यंत्रावर सगळं सुरळीत बसलं, एक सॉफ्टवेअर सोडून. ते सोर्स कोडपासून बांधावं लागतं. माहेरच्या रानातल्या पाण्याचे यंदाचे आकडे निरवांगीहून येऊन पडलेले, वहिनी वाट बघत असलेल्या, म्हणून मी बिल्डची आज्ञा दिली आणि चहा आणायला उठले. परत आले तर पडदा लाल अक्षरांनी वरपासून खालपर्यंत भरलेला. एके काळी मला अशा पडद्याचा संताप यायचा. माझा स्वभाव तसा तिखटच आहे, घरात विचारा. पण या वेळी जुनं ओळखीचं माणूस भेटावं तशी मी ती लाल अक्षरं मायेनं वाचत बसले, आणि काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवला. आता हे कुणाला सांगायला जावं तर लोक वेड्यात काढतील.

सोर्सपासून बांधणं म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंनाही मी एकदा समजावलं होतं, त्यामुळं इथंही जमेल. तयार सॉफ्टवेअर म्हणजे दुकानातनं आणलेलं पीठ. पिशवी फोडायची आणि भाकरी थापायची. सोर्स कोड म्हणजे धान्य. कुण्या शास्त्रज्ञानं, कुठल्या तरी देशात, माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली हजारो ओळींची संहिता. ती आपल्या यंत्राला कळेल अशी दळून घ्यायची. हे दळण करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, आणि तो महाशिष्ट असतो. धान्यात एक खडा दिसला तरी जातं थांबवतो, आणि खडा कुठं आहे ते सांगतानाही धड सांगत नाही.

हौस म्हणून कुणी या भानगडीत पडत नाही. जमिनीतलं पाणी आणि क्षार कसे हलतात याचं गणित मांडणारं ते सॉफ्टवेअर तयार रूपातही मिळत होतं. पण त्यात आमच्या मातीची सोय नव्हती. आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की विळा पडला तर हात घालून काढावा लागतो. साध्या मातीत पाणी हळूहळू मुरतं, आणि भेगाळलेल्या मातीत ते पाहुण्यासारखं दारात थांबत नाही, थेट आत जातं. भेगांचं गणित मूळ संहितेत लिहिलेलं होतं, फक्त बंद ठेवलेलं. ते चालू करायचं तर सगळंच सोर्सपासून बांधायला हवं होतं. आणि मला ते हवंच होतं, कारण वहिनींनी एक प्रश्न विचारला होता.

निरवांगी माझं माहेर. दादा गेल्यापासून तिथली शेती वहिनी बघतात. घराजवळ एक लहानसं माळाचं रान आणि नीरेच्या बाजूला उतरत गेलेलं काठाचं रान, एवढीच जमीन. घर चालायचं ते काठाच्या रानावर. दादाच्या शेवटच्या वर्षांपासूनच त्या रानाला मीठ फुटायला लागलं होतं. आधी एका कोपऱ्यातला ऊस खुजा राहिला. मग उगवणच तुटक व्हायला लागली. हिवाळ्यात सकाळी दव वाळलं की जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसायचा, आणि वहिनी चप्पल काढून त्यावर पाय घासून बघायच्या. दादा गेले त्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी पट्टा पडल्यावर मला फोन करून म्हणाल्या, "वन्सं, तुमी एवढं शिकलाय, मला एकच सांगा. हे रान ऱ्हातंय का जातंय?"

उपाय माहीत होता. जमिनीखाली छिद्रांचे पाइप गाडायचे आणि खारट पाण्याला बाहेर काढून द्यायचं. पण पाइप कुठं गाडायचे, किती खोल, याला महत्त्व होतं. जागा चुकली की सगळी मेहनत मातीत. आणि खोदाई करायची तर रान रिकामं असतानाच, म्हणजे पट्टा पडल्यापासून पावसाळ्यातल्या आडसाली लागणीपर्यंत. एकदा ऊस लागला की दीड वर्ष रानात यंत्र घालता येत नाही, आणि दीड वर्षात मीठ आणखी वर चढलं असतं. वहिनींचं वय झुकायला लागलेलं. रान गेलं तर त्या दुसऱ्याच्या बांधावर कामाला जाणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि माझ्याकडे येऊन राहणाऱ्यांतल्या तर नव्हत्याच.

माझं सासर कऱ्हाटीचं, बारामतीच्या कोरड्या बाजूचं. तिथं पाण्याचा टँकर आला की लग्नाची वरात आल्यासारखी माणसं धावतात. सासूबाईंना मी सांगितलं की माहेरचं रान पाण्यानं मरतंय, तर हंडा खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पाण्यानं रान मरतं व्हय?" म्हणाल्या. "ऐकावं ते नवलच बाई. आमच्याकडं धाडा म्हणावं थोडं." मग माझा चेहरा बघून त्यांनी हंडा उचलला, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "रान मेलं की माणूस घरात पाव्हण्यावानी ऱ्हातं. लवकर बघा तुमी त्यांचं." त्यांच्या माळावर काय काय वाळून गेलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

असा तो उन्हाळा सुरू झाला. दुपारी संस्थेच्या व्हरांड्यात कुत्रं जीभ काढून पडलेलं, पंखा गरम हवा इकडची तिकडं करतोय, आणि मी पडद्यासमोर.

पहिल्या दिवशी कंपायलर म्हणाला, अमुक लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं काम, जे हे सॉफ्टवेअर उसनं घेतं. मी बघितलं तर लायब्ररी यंत्रात होती. मी त्याला मोठ्यानं विचारलंही, अरे डोळे फुटले का तुझे? मग कळलं की चालवायला लागणारा भाग होता, पण बांधायला लागणारा भाग वेगळा असतो आणि तो मी घेतलाच नव्हता. तो आणला. मग दुसरी सापडेना. दुसरी आणली तर ती तिसरीवर रुसलेली. पहिली एका आवृत्तीच्या कंपायलरनं बांधलेली, दुसरी दुसऱ्या आवृत्तीच्या, आणि दोघींचं एकमेकींशी पटेना. शेवटी सगळ्याच एका कंपायलरनं पहिल्यापासून बांधून काढल्या.

त्या दिवसांत एक गोष्ट शिकले, ती अजून पुरते. एररची रांग कितीही लांब असली तरी शेवटची वाचायची नाही. पडद्यावर शेवटची दिसते, डोळा तिच्यावरच जातो, आणि माणूस तिच्यामागं धावत सुटतं. खरी असते ती पहिली. वर, पार वर सरकत जायचं आणि पहिली ओळ शोधायची. ती दुरुस्त केली की खालच्या शंभरातल्या निम्म्या आपोआप नाहीशा होतात. घरातल्या भांडणांचंही असंच असतं. पण भांडणात वर सरकत जाण्याची कुणाची तयारी नसते.

मग एकदा असं व्हायला लागलं की बांधकाम अर्ध्यावर यायचं आणि नुसतंच थांबायचं. एरर नाही, कारण नाही, फक्त "मारला" अशा अर्थाचा एक शब्द. मी संगणक उचलून स्टँडजवळच्या फिरोजभाईंच्या दुकानात नेला. फिरोजभाई गेली कित्येक वर्षं सगळ्या बारामतीचे बिघडलेले संगणक पोटच्या पोरांसारखे सांभाळतात. उघडून बघितलं, आत साचलेली राख ब्रशनं झाडली आणि म्हणाले, "मॅडम, मशीन मेलं न्हाय, दमलंय. मेमरी भरली की सिस्टीमच काम मारून टाकते. तुमी किती कामं एकदम लावता?"

"जेवढी घेईल तेवढी. मला घाई आहे."

"घाई तुमाला हाय, त्याला कुठं हाय? एका वेळी एक लावा. रॅम वाढवून दिली असती, पर हा बोर्ड घेत न्हाय." मग चहा मागवून विचारलं, "कुणाचं काम म्हणायचं एवढं घाईचं?"

मी सांगितलं. ते म्हणाले की निमगाव केतकीला त्यांच्या मामूंचा पानमळा होता, त्याच्या खालच्या अंगाला असंच पांढरं आलं होतं. आता तिथं काय आहे, असं मी विचारलं. "काय न्हाय," म्हणाले. संगणक त्यांनी स्वतः उचलून रिक्षात ठेवला.

एकेक काम लावल्यावर बांधकाम रखडत का होईना, पुढं सरकलं. पण एक गंमत अशी की मी लायब्ररीची जागा बदलली तरी ते जुन्याच जागी जाऊन तिला शोधायचं. मी नवा पत्ता द्यावा, त्यानं जुनाच वाचावा. दोन दिवस डोकं फिरवून घेतल्यावर उलगडा झाला. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी ते यंत्राला काही प्रश्न विचारतं, हे कुठं आहे, ते कुठं आहे, आणि मिळालेली उत्तरं साठवून ठेवतं. पुढच्या वेळी पुन्हा विचारतच नाही. परिस्थिती बदलली तरी त्याच्याजवळ जुनं उत्तर असतं आणि ते त्यालाच धरून बसतं. उपाय सोपा असतो. ती साठवण पुसून टाकायची आणि कोऱ्या जागेत पहिल्यापासून विचारू द्यायचं. मी पुसली, आणि तेवढ्यात मला नाना आठवला.

नाना आमचा चुलतभाऊ. काठाच्या रानाच्या वरचं, पाटाच्या बाजूचं रान त्याचं. आम्ही लहान असताना दादा आणि नाना एकाच ताटात जेवायचे. पुढं एका वर्षी नानानं नांगरट करताना बांध कोरला असं दादाला वाटलं. दादानं सरकारी मोजणी आणली. मोजणीत काय निघालं ते आज कुणाला धड सांगता येत नाही, पण तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात पंगत वेगळी, बाजारात समोर आले तर रस्ता वेगळा. दादाच्या मातीला नाना आला होता. लांब बाभळीखाली उभा राहिला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला. त्याला पुढं ये म्हणणारं कुणी नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही. प्रत्येकाजवळ जुनं उत्तर होतं, कुणी पुन्हा विचारायला गेलंच नव्हतं.

अखेर एका दुपारी बांधकाम शेवटपर्यंत गेलं. आनंदानं मी व्हरांड्यातल्या कुत्र्याला माझा डबा घातला. पण बांधून झालं म्हणजे बरोबर बांधलं असं नसतं. अशा सॉफ्टवेअरबरोबर चाचण्या येतात, ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात अशी लहान लहान गणितं. ती आपल्या यंत्रावर सोडवून बघायची आणि उत्तरं जुळतात का ते ताडायचं. सगळ्या जुळल्या, एक सोडून. तिच्यात फरक होता तोही अगदी किरकोळ, दशांशानंतरच्या आकड्यांत. माझ्या बरोबरीचे एक जण म्हणाले, एवढ्यानं काय होतंय, ती चाचणी बंद करून पुढं जा. खरं सांगते, बोट कीबोर्डवर गेलं होतं. लागणीचे दिवस जवळ येत होते. पण पाण्याचं गणित पायरीपायरीनं चालतं, आजचं उत्तर उद्याच्या पोटात जातं, आणि उन्हाळाभर दशांशातली चूक वाढत वाढत हातभर होते. त्या हातभरात वहिनींचे पाइप उथळ पडले असते. शोधता शोधता कळलं की लवकर व्हावं म्हणून मीच कंपायलरला एक सूट दिली होती, हिशेब थोडा ढिला चालेल, पण वेग हवा. ती सूट काढून घेतली. सगळं पुन्हा बांधलं. या वेळी जास्त वेळ लागला आणि सगळ्या चाचण्या जुळल्या.

आता निरवांगीचे आकडे त्यात घालायचे होते. काठाच्या रानात आम्ही जागोजाग उभे पाइप पुरले होते, त्यांत जमिनीखालचं पाणी किती वर आलंय ते दिसतं. वहिनी रोज सकाळी धारा काढून झाल्या की खुणांची दोरी पाइपात सोडायच्या आणि मला फोनवर आकडा सांगायच्या. सॉफ्टवेअरनं काढलेलं पाणी आणि वहिनींनी मोजलेलं पाणी जुळायला हवं होतं. नदीकडच्या पाइपांत जुळलं. वरच्या बांधाजवळच्या पाइपांत मात्र जुळेना. वहिनींचं पाणी नेहमीच वर.

मी फोन केला. "वयनी, वरल्या पाइपात परत एकदा मोजा."

"मोजलं की सकाळी."

"दोरी वाकडी गेली असंल. भिजलेली खूण नीट बघितली का?"

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, दोरीला खोटं बोलाया येत न्हाय, आन् मला खोटं बोलून काय मिळायचंय? रान माझं जातंय. तुमच्या त्या पेटीला म्हणावं, हितं येऊन बघ." आणि फोन ठेवून दिला.

मला वहिनींवर शंका नव्हती, माझी शंका बिल्डवर होती. इतके दिवस इतक्या चुका निघाल्यावर माणसाचा आपल्या हातावरचा विश्वासच उडतो. मी पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा बांधलं. भेगांचा भाग चालू आहे का ते तपासलं. लायब्ऱ्या उलटून पालटून बघितल्या. प्रत्येक वेळी चाचण्या जुळायच्या आणि वरच्या बांधाजवळचं पाणी तेवढंच चुकायचं. शेवटी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जगभरच्या लोकांचा ई-मेलवर एक टपालगट आहे, तिथं मी लांबलचक प्रश्न लिहिला. कंपायलर कुठला, यंत्र कुठलं, आज्ञा कुठल्या दिल्या, रानाची कड कशी आखली. ओळख ना पाळख, अशी माणसं तिथं एकमेकांच्या अडचणीला धावतात, आमच्याकडे बायका सावडीनं, आज तुझ्या रानात तर उद्या माझ्या, तण भांगलतात तशी. दुसऱ्या दिवशी कुण्या परक्या बाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. तुमच्या सगळ्या चाचण्या जुळत असतील तर बांधणीत चूक नाही. तुम्ही रानाची जी कड आखलीय, तिच्या पलीकडे काय आहे?

मी आखलेली कड पडद्यावर पुन्हा उघडली.

गणिताला रान सांगताना त्याची कड सांगावी लागते. कुठून पाणी येतं, कुठून जातं, कुठून काहीच येत-जात नाही. नदीच्या बाजूला मी नदी सांगितली होती. आणि वरच्या बाजूला, जिथं बांध आहे तिथं, मी लिहिलं होतं की इथून काही येत नाही. का लिहिलं होतं? कारण तिथं बांध आहे. आमच्याकडे कुणीही हेच लिहिलं असतं. चालायला लागल्यापासून आम्हाला शिकवलेलं असतं की आपलं ते बांधापर्यंत. पलीकडचं दिसलं तरी बघायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, आणि भावकीचं असेल तर त्याचं नावही काढायचं नाही. गुडघाभर उंचीची ती मातीची वरंब. तिच्यासाठी माणसं कोर्टात गेली, दोन भाऊ एकमेकांना मुकले. आणि तिच्याखालून पाणी खुशाल इकडून तिकडं चाललं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथं बांध आहे.

मी कड वर सरकवली. नानाचं रान, त्याच्या वरचा पाट, सगळं आत घेतलं. नाना उसाला भरपूर पाणी देतो हे गावाला माहीत होतं, ते अंदाजानं घातलं. आणि चालवलं. वरच्या पाइपांतलं पाणी वहिनींच्या दोरीशी येऊन टेकलं. त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. मग पुढचं उत्तर वाचलं आणि हात तसेच राहिले.

निरवांगीला गेले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. निमगाव केतकीला एसटी सोडून वडापची जीप धरली, आणि वाटभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. वहिनी काठाच्या रानातच होत्या. रान नांगरून रिकामं पडलेलं, ढेकळांच्या कडांवर पांढरं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आपल्या रानात कितीही पाइप गाडले तरी भागणार नाही. पाणी वरून येतंय आणि मीठ घेऊन येतंय. चर खणायचा तो बांधाच्या वरच्या अंगाला, नानाच्या रानात, आणि त्यानंही पाणी कमी द्यायला हवं. नाहीतर आणखी थोड्याच हंगामांत या रानात ऊस सोडा, जोंधळाही येणार नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परत एकदा बघा की. एवढ्या चुका निघाल्या तुमच्या त्या कामात. अजून एखादी असंल."

"न्हाय वयनी. सगळ्या काढल्या."

"सगळ्या?"

"व्हय. तुमची दोरी आन् माझा आकडा, दोनी एकच सांगत्यात आता."

त्या खाली वाकल्या. एक ढेकूळ उचललं, चिमटीत फोडलं, पुन्हा खाली टाकलं. "एखादी ठिवायची हुती, वन्सं," म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. सबंध उन्हाळा मी एकाच आशेवर काढला होता, की चुका संपल्या की सुटका होईल. आणि आता संपल्यावर आम्ही दोघी त्या रानात उभ्या राहून एका तरी चुकीसाठी तळमळत होतो. चूक दुरुस्त करता येते. बरोबर निघालेल्या उत्तराचं काय करायचं, ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

मी म्हटलं, मी जाते नानाकडं, मी बोलते. वहिनी म्हणाल्या, "तुमी न्हाय. रान माझं हाय." तरी जागच्या हलेनात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. दादा त्या बांधापायी भावाला तोडून गेले होते. त्यांच्या माघारी त्यांच्या बायकोनं तो ओलांडायचा, तेही काहीतरी मागायला. "ह्यांना आवडलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. खोटा धीर द्यायला मला येत नाही.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कमरेला खोचलेला घोळ सोडला आणि चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. बांधाशी आल्यावर त्या थांबल्या. पलीकडे नानाचा ऊस डोक्याएवढा, हिरवागार, आणि सरीसरीत पाणी चमकत होतं. मात्र बांधाला लागून असलेल्या दोन सऱ्यांतला ऊस विरळ होता, खुजा, आणि वरंब्यावर पांढरं दिसत होतं. वहिनींनी ते बघितलं, मीही बघितलं. आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. उसाच्या वरच्या टोकाला विहिरीपाशी नाना पाठमोरा उभा होता, पाइपातून पाणी हौदात कोसळत होतं.

वहिनी बांधावर चढल्या. एवढ्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणाचा पाय त्यावर पडला नव्हता. तिथं उभं राहून त्यांनी हाक मारली, "भावजी!"

आवाज पोचला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, "ओ भावजी!"

नाना वळला. कपाळावर आडवा हात धरून बघत राहिला. कोण आहे ते त्याला कळलं असावं, कारण हातातलं फावडं त्यानं हळूच खाली ठेवलं. मग उसाच्या कडेनं दोन पावलं पुढं आला.

"वयनी?" तो ओरडला. "काय म्हणताय? पाण्याच्या आवाजानं काय ऐकू ईना. थांबा जरा, मोटर बंद करतो."